चार बोटांचा बांध

सातुरिओकाका जेवायला आले ते थेट रानातून आले, आणि हातातला सालीचा तुकडा त्यांनी भाजलेल्या कोकराच्या परळाशेजारी ठेवला. ठेवला कसला, आपटलाच.

परळातली चरबी अजून तडतडत होती. संत पेद्रोचा सण, अंगणातली भट्टी सकाळपासून पेटलेली, पाव मोडून झालेला, आणि आजोबा सुरी हातात घेऊन पहिला तुकडा कुणाला द्यायचा याचा विचार करत उभे. शेजारच्या अंगणातला रेडिओ एकदम आगाऊपणा करतोय असं वाटायला लागलं.

"हे काय?" बाबांनी विचारलं. कासिल्दाचे बाबा, लेआंद्रो, तीन भावंडांत धाकटे. घरात वाद सुरू झाला की चष्मा पुसायला काढायचे, तसा त्यांनी आत्ताही काढला.

"साल," काका म्हणाले. "कुठल्या झाडाची, ते तुझ्या ताईला विचार."

ओनोरिनाआत्याने साल उचलली. जाड, तपकिरी, आतून लालसर आणि कडेला काळी पडलेली. तिने ती नाकाशी नेली, हुंगली, उलटी केली.

कासिल्दाला हुंगायची गरज नव्हती. त्या सालीला ती ओळखत होती. स्वतःच्या वहीवरचं स्वतःचं अक्षर ओळखावं, तशी.

"पाणवठ्याच्या उतारावर गेलो होतो," काका बसता बसता म्हणाले. "म्हटलं, निर्णयाचा दिवस आहे, माद्रिदहून आलोच आहे, तर रान डोळ्यांनी बघून येऊ. तर काय! एका झाडाला दोन-दोन तोंडं! एक नाही, दोन नाही, साठ-सत्तर झाडं! आणि मधे साल किती? दीड बोट. दीड!"

"दोन तोंडं?" आजोबांनी सुरी खाली ठेवली.

वाल्देमिएरा गावात हे मुलांना बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबरच पाजतात: पाइनला एका वेळी एकच तोंड. वीतभर रुंद साल वाकसाने सोलायची, खाली पत्र्याची पन्हळ ठोकायची, तिच्याखाली बोळकं टांगायचं, की राळ थेंबथेंब उतरते. दर पंधरा दिवसांनी तोंड थोडं वर न्यायचं, आणि पाच वर्षांनी ते माणसाच्या डोक्यावर गेलं की शेजारी चार बोटं जिती साल सोडून नवं पाडायचं. त्या चार बोटांना म्हणतात बांध. बांधातून झाड पाणी पितं. झाड तोडायचंच ठरलं असेल, तरच शेवटच्या दोन-तीन वर्षांत चारी अंगांनी तोंडं पाडून सगळा चीक ओरपून घेतात. ती मरणाची खाच. ज्या घराने ती मारली, त्या घराने रान सोडलं असं गावाने धरून चालायचं.

"तर ओनोरिनाबाई," काका म्हणाले, "तोंडाने तू दहा वर्षांच्या गोष्टी सांगतेस आणि वाकसाने दोन वर्षांच्या. यातलं खरं कुठलं?"

आत्याने साल टेबलावर ठेवली. तिची नजर कासिल्दाकडे वळली, पण एवढीशी, माशी पावावरून पेल्यावर जाईल तेवढाच वेळ. मग ती परत भावाकडे गेली.

"मी मारली," आत्या म्हणाली.

कासिल्दाने तोंड उघडलं. तोंडात पाव होता. पाव गिळेपर्यंत बाबा बोलायला लागले, आणि मग ती वेळ गेलीच.

"ताई, काल रात्री फोनवर तू मला काय म्हणालीस?"

"आठवतंय मला."

"मी सांगतो, काय म्हणालीस ते. रान जगतंय म्हणालीस. एकही झाड दुखावलेलं नाही म्हणालीस. त्या एका वाक्यावर मी दादाला नाही म्हणणार होतो!"

आणि बाबांचं नाही म्हणणं म्हणजे काय, हे टेबलावरच्या मिठाच्या भांड्यालाही ठाऊक होतं. आजोबांनी चार हजार झाडांचं रान तिघांच्या नावावर केलं तेव्हा एकच अट घातली होती: रानाचे तुकडे पाडायचे नाहीत, जे होईल ते तिघांतल्या दोघांच्या मताने. काकांनी लाकूड कापणाऱ्या कंपनीचा कागद आणला होता. तिचा माणूस सोमवारी येणार होता, करवती घेऊन. आत्याकडे राळेच्या कारखान्याचा कागद होता. तीस वर्षं कुलूप लागून पडलेला तो कारखाना चार वर्षांपूर्वी पुन्हा धुरायला लागला होता, आणि आता त्यांना दहा वर्षांची हमी हवी होती, नाहीतर ते दुसरं रान बघणार होते. एक मत त्या बाजूला, एक या बाजूला, आणि मधे चष्मा पुसणारे बाबा.

"चिडतोस कशाला?" काका बाबांना म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज मऊ झाला होता, जो कासिल्दाला आपटण्यापेक्षाही वाईट वाटला. "तिची चूक नाही. पाठ गेलीये तिची. मे महिन्यात पंधरा दिवस अंथरुणात होती. एकट्या बाईला चार हजार झाडं झेपतात होय? राळ कमी पडायला लागली, म्हणून ओरपली. मी तिच्या जागी असतो तर मीही ओरपली असती."

"तू माझ्या जागी असतास," आत्या म्हणाली, "तर माद्रिदहून फोनवरच ओरपली असतीस."

"मी गेलो नाही, ओनोरिना. मला घालवलं. बावीस वर्षांचा होतो. या गावात माझ्याइतकी सरळ खाच मारणारा कुणी नव्हता, अप्पांना विचार. आणि एका सकाळी कारखान्याच्या दाराला कुलूप, आणि बाहेर आमची भरलेली पिंपं उन्हात. स्वस्त राळ बाहेरून येते म्हणे, तुमची कोण घेणार! कुणी आलं विचारायला? तीस वर्षं बस चालवली मी. आता यांना पुन्हा राळ हवी झाली, म्हणून पुन्हा आम्ही झाडाखाली वाकायचं?"

आणि ते सगळं खरं होतं.

बाबांनी खिशातून पेन काढलं. टेबलावर ठेवलं. नुसतंच ठेवलं, पण कासिल्दाला वाटलं करवत ठेवली.

बोल, तिने स्वतःला सांगितलं. बोल ना, म्हशी!

शाळेत ती बोलायची, आणि कसली बोलायची! गेल्या महिन्यात सेगोवियात अख्ख्या सभागृहासमोर जंगलातल्या वणव्यांवर बोलून तिने पहिलं बक्षीस आणलं होतं. ज्या रानात राळ काढणारी माणसं रोज फिरतात ते रान पेटत नाही, हे वाक्य म्हणताना तिने हात असा फेकला होता की पहिल्या रांगेतल्या बाई मागे सरकल्या. आणि आता जीभ म्हणजे ओलं कापड.

कारण मे महिन्यात आत्या अंथरुणात असताना तिने खुंटीवरचं वाकस काढलं होतं. साल खरवडायची परवानगी होती, बोळकी रिकामी करायची होती, वाकसाला हात लावायची नव्हती. ही बाबांची सक्त ताकीद. पण शाळा सुटल्यावर रानात जावं, आणि वाकस हातात असं बसावं जणू हातातूनच उगवलंय! आधी तिने जुनीच तोंडं वर नेली. छान जमलं. इतकं छान, की वाटलं, एका तोंडाला एक बोळकं, तर दोन तोंडांना दोन. आत्या उठेल तेव्हा पिंप दुप्पट भरलेलं असेल. आणि तिने मोजून, अगदी मोजून, चार बोटं सोडली होती. चार! मग दीड कुठून आली?

"रानात चला," आजोबा म्हणाले.

"अप्पा, जेवण..." आत्या म्हणाली.

"कोकरू मेलंय, ते थांबेल. झाडं जिती आहेत."

*

पाचही जण काकांच्या गाडीत कोंबून बसले. रानाच्या तोंडाशी गाडी थांबली तेव्हा उन्हाने पाइनचा वास असा उसळला होता की खोकलाच यावा. आजोबा काठी टेकत उतारावर गेले, पहिल्या दोन तोंडांच्या झाडापाशी थांबले आणि काठी बाबांकडे दिली.

त्यांनी बांधावर हात ठेवला. डोळे मिटले. आजोबांची बोटं वयाने वाकडी झाली होती, पण झाडावर ठेवली की सरळ व्हायची.

"चार," ते म्हणाले.

"काय चार?" काका पुढे आले. "दीड आहे, बघा की!"

"जिती आहे ती दीड. पाडताना चार सोडलीत. ही बघ वाकसाची कड, आणि ही त्या अंगाची. पण दोन्ही तोंडांना राळ वाहती ठेवायचं मलम लावलंय. मलम आंबट असतं, सातू, ते सालीत शिरतं. या कडेने सव्वा बोट खाल्लं, त्या कडेनेही सव्वा."

काकांनी त्या कडेवर बोट टेकवून बघितलं. त्यांच्या काळात मलम नव्हतं, नुसता वाकसाचा घाव होता.

"चार बोटं सोडायची ती वाळलेल्या तोंडापासून," आजोबा म्हणाले. "वाहत्या तोंडापासून नव्हे. वाहत्या तोंडाशेजारी दुसरं पाडतच नाहीत. हे ज्याने केलं, त्याला झाड मारायचं नव्हतं. मारणारा बोटं मोजत बसत नाही. हे न कळणाऱ्याचं काम आहे."

त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही. हळूच काठी परत घेतली आणि दुसऱ्या झाडाकडे वळले.

"म्हणजे?" बाबा आत्याकडे वळले. "ताई, तुला कळलं नाही?"

आणि तेव्हा कासिल्दाने आत्याचा चेहरा पाहिला. चार वर्षांपूर्वी गावच्या बारमध्ये सगळे पुरुष हसले होते, बाईमाणूस राळ काढणार म्हणून. हीच आत्या दुसऱ्या दिवशी पहाटे रानात गेली होती आणि हंगाम संपेपर्यंत त्यातले चौघं तिच्याकडे वाकस धरायला शिकायला आले होते. कारखान्याचा माणूस नवीन मुलांना तिच्या झाडांखाली उभं करून म्हणायचा, हे बघा, याला म्हणतात खाच. तिच्याजवळ घर नव्हतं, नवरा नव्हता, पाठही धड नव्हती. एवढंच होतं.

"नाही कळलं," आत्या म्हणाली. कान लाल. "चुकलं माझं."

"झालं तर मग!" काकांनी हात झटकले. "ज्या बाईला ओलं तोंड आणि सुकं तोंड कळत नाही, तिच्या भरवशावर दहा वर्षं? लेआंद्रो, काढ ते पेन."

"मी केलं!"

ते इतक्या मोठ्याने निघालं की झाडावरचा नीळकंठ फडफडून उडाला.

"मी केलं, आत्याने नाही! तिला माहीतच नव्हतं, ती अंथरुणात होती, आणि उठल्यापासून या उतारावर ती चढलेलीच नाही. वाकस मी काढलं. बासष्ट झाडं आहेत, साठ-सत्तर नाहीत, काका, बासष्ट. मला प्रत्येक झाड माहितीये. त्या वाकड्यापासून सुरू केलं आणि ओढ्याच्या दगडापाशी संपवलं, कारण तिथे मलम संपलं. नाहीतर अजून केली असती!" श्वास संपला. तिने दुसरा घेतला. "मला वाटलं, राळ दुप्पट होईल."

बोळक्यात एक थेंब पडला, त्याचाही आवाज आला.

मग काका हसले. मोठ्याने, मान मागे टाकून. "घ्या! हे तुमचं नवं युग! एकीची पाठ मोडलेली आणि दुसरी शाळकरी पोर!"

बाबा हसले नाहीत. "मी तुला काय सांगितलं होतं?"

"वाकसाला हात लावायचा नाही."

"आणि?"

"लावला."

"दुपारपासून तू माझ्या शेजारी बसलीयेस. आत्या तुझ्यासाठी खोटं बोलतेय, मी तिला नाही नाही ते बोलतोय, आणि तू पाव खातेयस!"

"एकच घास होता, बाबा," कासिल्दा म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. ते तिला अजिबात मान्य नव्हतं, म्हणून तिने ते बाहीने खरवडून काढलं.

"अंगणात मी एकदा तुझ्याकडे बघितलं," आत्या म्हणाली. रागाने नाही, म्हणूनच ते लागलं. "म्हटलं, ही बोलेल. मग गाडीत वाटलं, आता बोलेल."

"मग तू कशाला घेतलंस अंगावर?" बाबा तिच्यावर उखडले. "त्या खोटेपणापायी मी सही करणार होतो, ताई! या रानावर करवत चालली असती, एवढ्याशा कार्टीला वाचवायला?"

"मी चोपन्न वर्षांची आहे," आत्या म्हणाली. "कारखान्याचा कागद दहा वर्षांचा. अकराव्या वर्षी या झाडांखाली कोण असणार आहे? तू? दवाखान्यातली नोकरी सोडून? दादा? तिचं नाव आज पुढे आलं असतं, तर तू तिला पुन्हा रानात पाऊल टाकू दिलं नसतंस. मग कागद घेऊन मी काय चाटू?"

बाबांनी चष्मा काढला. पुसला नाही. नुसता हातात धरून ते खाली उतारावर बघत राहिले, जिथे बोळकी एकाखाली एक उन्हात चमकत होती. चष्म्याशिवाय त्यांना त्यातलं काय दिसत होतं, देव जाणे.

"अप्पा," ते शेवटी म्हणाले, "ही झाडं जगतील?"

आजोबा सातव्या झाडापर्यंत पोचले होते. "नवीन तोंडांची बोळकी आजच्या आज उतरवायची. जुन्या तोंडांनाही या बासष्टांत आता पाच वर्षं हात नाही. निम्मी जगतील. उरलेली तोडावी लागतील, आणि ती हिने आपल्या डोळ्यांनी बघायची."

कासिल्दाने मान हलवली. एकतीस. तिच्या वर्गात तेवढी मुलं होती.

"ठीक आहे," बाबा म्हणाले. "ताई खोटं बोलली ते रानाबद्दल नाही. रानाबद्दल ती मला जे म्हणाली, ते तिच्या माहितीप्रमाणे खरं होतं. माझं मत तिला. दहा वर्षं. आणि तू," ते कासिल्दाकडे वळले, "या हंगामात वाकसाकडे बघायचंसुद्धा नाही. पुढच्या मार्चमध्ये आत्या उभी राहील आणि तू तिच्यासमोर मारशील. एकटीने कधीच नाही."

म्हणजे मार्चमध्ये मारायची! कासिल्दाच्या आत काहीतरी टुणकन उडालं. चेहरा मात्र तिने अपराध्यासारखाच ठेवला. त्यात फार कष्ट पडले नाहीत.

"माझं मत 'नाही'," सातुरिओकाका म्हणाले. "ते तसंच लिहा. सातुरिओ नाही म्हणाला. हे पुन्हा बंद पडेल तेव्हा तो कागद मला दाखवायचा."

"लिहू," आत्या म्हणाली.

"ठळक लिही."

"लिहिते म्हटलं ना, दादा!"

बोळकी उतरवायचं काम अर्थातच कासिल्दाचं होतं. आत्याने गाडीतून पोतं आणि चिमटा काढून तिच्या हातात दिला, पण पाठीवर हात ठेवला नाही, जो ती एरवी नेहमी ठेवायची. बाबा आजोबांना सावलीत घेऊन गेले. कासिल्दा वाकड्या झाडापाशी गेली, पन्हळीचा खिळा उपसला, बोळकं काढलं. तळाशी मधासारखी राळ साचली होती. ती तिने आत्याच्या बादलीत निथळवली आणि बोळकं पोत्यात टाकलं. मग दुसरं. मग तिसरं. हात चिकटायला लागले. खिळा निघाला की झाडावर छोटं भोक उरायचं आणि त्यातूनही एक थेंब यायचाच, जसं काही झाडाला अजून कळलंच नव्हतं.

नवव्या झाडापाशी पोतं अचानक हलकं झालं. मागे काका होते. पोत्याचं तोंड त्यांनी एका हातात धरलं होतं, सणाच्या शर्टाची बाही मागे सारली होती.

"टाक," ते म्हणाले.

तिने टाकलं. दोघं दहाव्याकडे गेली, अकराव्याकडे गेली. न बोलता आपण तीन झाडं उरकू शकतो हे पाहून कासिल्दा स्वतःच चकित झाली. बाराव्या झाडाशी काका थांबले. नव्या तोंडाच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत.

"हे मारताना उभी कशी होतीस?"

"अशी," तिने दाखवलं. उजवा पाय पुढे, गुडघा वाकवून, रिकाम्या हातात वाकस धरल्यासारखं.

काकांनी पोतं खाली ठेवलं. बुटाच्या टोकाने तिच्या पुढच्या पायाला ढकललं, हळूच, झाडापासून वीतभर लांब.

"इथे. झाडाच्या इतकं जवळ उभं राहिलं की घाव तिरका जातो. कुणी सांगितलं नाही तुला?"

"नाही."

"हं." ते पुन्हा पोतं उचलून तेराव्या झाडाकडे निघाले. "माझं मत नाहीच आहे. पण पाय चुकला तो चुकलाच."